डाव्या बाजूने कोण गेलं

१४ नोव्हें. ०८, शुक्र.

राउंडअबाउटला आज पुन्हा तेच. डावीकडून पांढरी पिकअप आली, मला दिसलीच नाही. ब्रेक, हॉर्न. पिकअपवाल्याने काच खाली करून अरबीत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी आपला हात वर करून सॉरी सॉरी. मागून सई : "बाबा, आर यू ब्लाइंड ऑर व्हॉट?"

पोरीला माझ्या डोळ्याचं माहीत नाही. तेरा वर्षांची आहे, तिला कसं सांगायचं ते नीताचं नि माझं ठरत नाहीये. नीता खिडकीबाहेर बघत बसली. नंतर पार्किंगमध्ये हळूच म्हणाली, "किल्ली माझ्याकडे द्या." नाही दिली. लायसन्सला तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झालेली बाई मला गाडी शिकवणार!

दुबईपासून दीड तासावरच्या या अल ऐनमध्ये पावलोपावली राउंडअबाउट, आणि गाडी यायची ती डावीकडूनच. देवाने डोळाही बरोबर डावाच निवडला.

१९ नोव्हें., बुध.

हॉस्पिटल. डोळ्यांचं प्रेशर डावा २८, उजवा २२; एकवीसच्या आत हवं. तिसरे थेंब चालू. फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बाटलीशेजारी आता माझ्या तीन बाटल्या.

डॉक्टरीणबाई इजिप्तच्या. बोलायला गोड. कडेचं किती दिसतं त्या फील्ड टेस्टचा कागद समोर धरला. डाव्या डोळ्याचा डावीकडचा भाग काळा. मागच्या वेळी करडा होता. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं, इन्शाल्ला, म्हणाल्या. आमच्या प्रोजेक्टचं पेमेंट कधी येणार विचारलं की मॅनेजरही हेच म्हणतो.

आईचंही हेच होतं. तेव्हा चिपळुणात डोळ्याचं प्रेशर कोण बघतंय? वयाने दिसत नाही म्हणायचे. शेवटी शेवटी तव्यावर हात टेकायचा तिचा. माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, ते सगळं जवळून बघितलंय, मी इकडे होतो.

थेंबांनी पापण्या मात्र लांब आणि काळ्याभोर झाल्यात. नीता म्हणते, आता सिनेमात जा. एवढं एकच काम थेंबांनी मन लावून केलंय.

२ डिसें., मंगळ.

नॅशनल डेची सुट्टी. रस्त्यावर झेंडे लावलेल्या गाड्या, फेस उडवणारी पोरं. सईला आज सांगून टाकलं. मला वाटलं रडेल. नाही रडली. "ओके" म्हणाली आणि कॉम्प्युटरवर जाऊन बसली. जेवायच्या वेळी बाहेर आली.

"बाबा, इट सेज मॅरिवाना लोअर्स द प्रेशर. सम डॉक्टर्स इन अमेरिका गिव्ह इट."

नीता पोळी लाटत होती. "म्हणजे गांजा? हे बघ सई, हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही. शाळेत तर नाहीच नाही."

"आय ॲम जस्ट सेइंग, मम्मा."

"जस्ट पण नको."

बरोबर आहे नीताचं. इथे खिशात सोडा, रक्तात सापडला तरी माणूस आत, आणि मग वर्षं मोजत बसायचं. आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही दहादा बजावतो, बाबा रे, अनारसे आणू नको, वर खसखस असते, म्हणजे अफूचं बी. खसखशीने माणसं आत गेलीत. गांजाचं काय घेऊन बसलात.

सई गेल्यावर मीही ते पान वाचलं. अक्षर मोठं करून, एकेक ओळ.

५ डिसें., शुक्र.

अण्णाचा फोन. निवृत्त सायन्स मास्तर, गावातल्या प्रत्येकाला फुकट सल्ला. डोळ्यांचं विचारलं. मी वैतागलेलोच होतो, बोलून गेलो, "अमेरिकेत गांजा देतात म्हणे यावर. तेवढाच राहिलाय आता."

अण्णा म्हणाला, "त्यात तथ्य आहे सुध्या. आपल्या वैद्यकात विजया म्हणतात त्याला."

"अण्णा, मी गंमत करतोय."

"मी नाही करत."

म्हटलं सोड तो विषय, घरपट्टी भरलीस का सांग.

१७ डिसें., बुध.

डा. २७. एकाने उतरलं तर नीताने शिरा केला. हसू आलं आणि वाईटही वाटलं.

डॉक्टरीणबाईंना आज विचारलंच. थेट नाही. म्हटलं, मुलीने नेटवर काहीतरी वाचलंय. बाई उठल्या, दार लावून घेतलं. मग बोलल्या. प्रेशर उतरतं हे खरं. पण तीन-चार तास. मग पुन्हा वर. म्हणजे दिवसरात्र त्याच अमलात राहायचं, आणि त्याने रक्तदाब उतरतो, डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं, ते वेगळंच. म्हणून डोळ्याचे डॉक्टर तो देत नाहीत. "आणि मिस्टर सुधीर, या देशात हा प्रश्न तुम्ही मला विचारला नाहीत, मी ऐकला नाही. खलास."

घरी आल्यावर नीताला सांगितलं. "झालं समाधान?" म्हणाली.

झालं नाही. तीन-चार तास तर तीन-चार तास, असं काहीतरी डोक्यात फिरत राहिलं. बुडत्याला काडी म्हणतात ते उगाच नाही.

११ जाने. ०९, रवि.

मंदी. साइटवर निम्मी माणसं नाहीत. गेल्या आठवड्यात क्रेन थांबल्या त्या तशाच, माना वाकवून. व्हिलांचं प्लॉटिंग करायचं तर कुणासाठी करायचं तेही कुणाला माहीत नाही. रोज कुणाला तरी ऑफिसात बोलावतात. बाहेर येताना माणूस कुणाकडे बघत नाही.

सर्व्हेच्या इन्स्ट्रुमेंटमधून मला अजून झकास दिसतं. मधलं सगळं लख्ख. कडेचं तेवढं गेलंय. समोर मोजणीचा प्रिझम धरून शिगवण उभा असतो, गुहागरकडचा, माझ्याबरोबर सुरुवातीपासून आहे. त्याला मी काही सांगितलेलं नाही, पण चालताना हल्ली तो आपोआप माझ्या डावीकडे येतो. "साहेब, हिकडं खड्डा हाय." "साहेब, सळी." आज कुणी बघत नव्हतं तेव्हा हात धरला.

"डोळ्यांचा काय झालाय साहेब?"

"काचबिंदू आहे रे."

"मंग औषध?"

"घालतोय थेंब."

त्याला बिनपगारी रजेवर पाठवतायत. काम निघालं की बोलावू म्हणे. बिचारा म्हणतो, चला, आयेस भेटून येतो. मी नेहमीचं पालुपद लावलं, येताना खसखस आणू नकोस, कुणाच्या गोळ्या आणू नकोस. हसला. "म्हायत हाय वो."

६ फेब्रु., शुक्र.

डा. ३०. बाईंनी या वेळी इन्शाल्लासुद्धा म्हटलं नाही. ऑपरेशनचा विचार करा म्हणाल्या. इन्शुरन्स आहे तो आमच्या कंपनीचा, आणि कंपनी आज आहे उद्या नाही.

गाडी आता नीता चालवते. स्टिअरिंगला अशी चिकटून बसते की विचारू नका, पण डावीकडे बघते. मी शेजारी बसून नको तिथे ब्रेक दाबतो. पायाखाली ब्रेक नाहीये.

अण्णाला फोन केला. खरं म्हणजे रडलोच. सत्तेचाळिसाव्या वर्षी आईसारखा तव्यावर हात टेकायची वेळ येणार असं काहीबाही बोललो. अण्णा म्हणाला, "थांब, मी बघतो काहीतरी."

काय बघतो ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. मी हो म्हटलं नाही. नको असंही नाही म्हटलं. फोन ठेवला.

७ मार्च, शनि.

कालचं आज लिहितोय.

सकाळी अण्णाचा फोन. आवाजात नुसता उत्साह. "तुझं काम झालं! शिगवणला कंपनीने परत बोलावलंय, तो आज निघाला ना, त्याच्याबरोबर पाठवलंय. वैद्यांकडून गोळ्या करून घेतल्या. डब्यावर त्रिफळा लिहिलंय, म्हणजे कुणाची बिशाद. आणि तुझं नाव नि मोबाइल नंबर मार्करने मोठ्या आकड्यांत घातलाय, हरवायला नको."

"अण्णा, शिगवणला सांगितलंस त्यात काय आहे ते?"

"छे! साहेबांचं डोळ्यांचं औषध म्हटलं. त्याला कशाला घोर?"

घड्याळ बघितलं. विमान उडालेलं. शिगवणचा फोन बंद. तीस वेळा लावला असेल, बंद. त्याला सांगता येत नाही, विमान थांबवता येत नाही, पोलिसांना सांगावं तर तोच पकडला जाणार. नीताला सांगितलं. तिने पदराला हात पुसले आणि किल्ली घेतली. सईला शेजारी सोडलं. दुबईच्या वाटेवर एकदाच म्हणाली, "त्याची आई आहे ना हो गावी?"

एअरपोर्टला मला दारात उतरवलं आणि ती पार्किंग शोधायला गेली. पार्किंग मिळता मिळेना. नोकरी गेलेले लोक हप्त्यांच्या गाड्या टाकून देश सोडून गेलेत, धुळीने माखलेल्या गाड्यांच्या रांगाच्या रांगा, त्यांच्या जागा अडलेल्या. ती येईपर्यंत मी एकटाच रेलिंगला उभा. विमान उतरलं होतं. माणसं बाहेर येत होती, दाराच्या दोन्ही बाजूंनी. मी फक्त शिगवणचा चेहरा शोधत होतो. मनात गणपतीचं नाव. आयुष्यात कधी इतकं घेतलं नव्हतं.

नीता आली आणि पाठोपाठ शिगवण! ट्रॉली ढकलत, हसत. "साहेब? तुमी कशाला आलाव? मी बसने आलो असतो की." मी त्याला मिठीच मारली. तो पार अवघडला. सुटलो असं वाटलं. त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून उभा राहिलो.

मग विचारलं, औषध?

"ता त्या मावशींकडं हाय."

कोण मावशी?

मग त्याने सांगितलं. मुंबईला काउंटरवर वजन जास्त झालं. त्याने कोकम काढलं, तांदूळ काढले, आयेने दिलेलं सुकट काढलं, सगळं मेव्हण्याकडे परत दिलं. तरी जास्तच. काउंटरवरचा पोरगा ऐकेना. पुढे एक मावशी होत्या, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या, एकच बॅग. यांची ओढाताण बघून त्याच म्हणाल्या, काय आहे ते? हा म्हणाला, साहेबांचं डोळ्यांचं औषध. "औषध म्हटल्यावर मावशी म्हनाल्या, आन इकडं, माझ्या बॅगेत जागा हाय. औषधाला नाय म्हनू नये."

नेहमीचंच हे. विमानतळावर कुणाचे किलो उरलेत ते बघायचं आणि सामान द्यायचं. आम्ही सगळ्यांनी केलंय. मीही केलंय, नीतानेही. कोण कुठला ते विचारायचं नाही, मराठी बोलतो ना, बस.

"नाव काय त्यांचं?"

"मावशी म्हनत होतो. नाव कशाला इचारतंय?"

लेकीच्या बाळंतपणाला आल्यात. लेक दुबईतच, मंखूलला. हिरवी साडी, अंगावर शाल, दंडाला पिशवी. बाहेर भेटू म्हणाल्या होत्या. पण आत नवीन माणसांना डोळ्यांचं स्कॅन करतात ना, त्या रांगेत त्यांना उभं केलं, हा जुन्या व्हिसाच्या रांगेत. त्यानंतर दिसल्या नाहीत. याची बॅग फार उशिरा आली. बेल्टवर त्यांची बॅग नव्हती. म्हणजे त्या घेऊन गेल्या असतील, किंवा दुसऱ्या कुणी.

"माज्या आदी भायेर पडल्या असतील तर तुमाला दिसल्या असतील की साहेब. तुमी हितंच व्हतात."

मी होतो. तिथेच होतो. माझ्या डावीकडून हिरवी साडीच काय, हिरवा हत्ती गेला असता तरी मला दिसला नसता.

तिघं उभे राहिलो. नंतरच्या विमानाची माणसं आली, त्याच्या नंतरची आली. शिगवण प्रत्येक बाईकडे मान उंच करून बघत होता. "येतील वो. पहिल्यांदा हायत ना, चुकल्या असतील." मी चौकशीच्या काउंटरकडे निघालो तर नीताने कोपर धरलं. कानात म्हणाली, "तोंड उघडलंत तर ती असेल तिथून सरळ आत जाईल. हाही जाईल. तुम्हीही." मग मी पुन्हा रेलिंगला येऊन उभा राहिलो.

येताना गाडीत शिगवण मागे बसून सारखा म्हणत होता, साहेब, माझंच चुकलं, दुसरं काय तरी काढायला पायजे होतं. त्याला अजूनही माहीत नाही काय आणत होता ते. सांगायला तोंड उघडलं, नीताने आरशातून बघितलं.

९ मार्च, सोम.

अण्णाला फोन लावला आणि वाट्टेल ते बोललो. मोठ्या भावाशी आजवर कधी बोललो नव्हतो त्या सुरात. मास्तर म्हणवतोस, एका गरिबाच्या बॅगेत घालताना हात कापला नाही? तो रडायला लागला. "आईचं बघितलंय रे मी. तुझं पण तसंच नको म्हणून केलं."

मग मी फोन ठेवला. कारण सहा फेब्रुवारीला नको म्हणायला मला काय धाड भरली होती?

फोन सतत जवळ. बाथरूममध्येही नेतो. मावशी सुखरूप असतील तर डब्यावरचा नंबर बघून फोन करतील. नसतील तर तोच नंबर पोलीस बघतील. काहीही झालेलं असो, फोन यायला हवा. कुठूनच येत नाही.

पेपरात रोज बघतो. "आशियाई महिला" दिसलं की अक्षर न अक्षर वाचतो. आजची दागिन्यांच्या चोरीची निघाली. हुश्श म्हटलं आणि मग लाज वाटली, तीही कुणाची तरी कोण असेल.

१३ मार्च, शुक्र.

मंखूलला गेलो. नीताच म्हणाली, चला. सईला सांगितलं, दुबईला खरेदी आहे. "व्हाय आर यू गाइज बीइंग सो वीअर्ड?" म्हणाली.

काय शोधणार होतो देव जाणे. त्या गल्ल्यांत बिल्डिंगवर बिल्डिंग, प्रत्येक गॅलरीत आपल्याकडचे कपडे वाळत. आम्ही संध्याकाळी किराणा दुकानाबाहेर उभे. नीताने दोघी-तिघींशी ओळख काढून विचारलं, इथे कुणाची आई आलीय का हो, बाळंतपणाला? एक जण हसली. "वहिनी, इथे दर तिसऱ्या घरात कुणाची ना कुणाची आई आलेली असते. आमच्याकडे सासूबाई आल्यात, हव्यात का?"

नीताही हसली. नंतर गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो तर गिअरला लागला.

दोन हिरव्या साड्या दिसल्या. एक पंचविशीची. दुसरी तमीळ. आणि मी असा शोधत होतो, त्या मावशी जणू एकच साडी घेऊन आल्यात.

२४ मार्च, मंगळ.

डा. ३३. बाई म्हणाल्या, थेंब चुकवताय का? चुकवत नाही. झोप? झोप नाही. काळजी करू नका म्हणाल्या. बरं.

ऑपरेशन लवकर. आहे तेवढं तरी टिकेल, टिकेलच असं नाही. इन्शुरन्सच्या परवानगीसाठी कागद पाठवलेत.

एक लिहून ठेवतो, इथे तरी खोटं कशाला? काल थेंब घालून डोळे मिटून पडलो होतो तेव्हा मनात आलं, तो डबा आला असता तर मी गोळी घेतली असती. तीन-चार तासांसाठी का होईना. सगळं कळून घेतली असती. त्या बाईचं काय झालं ते माहीत नाही आणि मला डब्याची हळहळ वाटली. असा कसा मी?

९ एप्रिल, गुरु.

आज मला बोलावलं. मॅनेजर लेबनीज, चांगला माणूस, त्याचंही काही खरं नाही. "हबीबी, आय ॲम सॉरी." महिन्याची नोटीस, मग व्हिसा कॅन्सल. इन्शुरन्स व्हिसाबरोबर जातो. ऑपरेशनचा कागद तिकडे फिरतोय, मी इकडे.

बाहेर आलो तेव्हा मीही कुणाकडे बघितलं नाही. कडेचे तर दिसतच नाहीत.

शिगवणचंही नाव यादीत. त्याला परत बोलावलं होतं ते फक्त कागदांवर सह्या घ्यायला. चहा पाजला त्याला. त्याला माझीच काळजी. "मावशींचा तपास लागला का वो?" नाही म्हटलं. "साहेब, मी गेलो की अण्णांकडून परत औषध घेतो. आमच्या वाडीतला एक पोरगा येतोय पुढल्या म्हयन्यात, त्येच्यासंगट पाठवतो. या टायमाला त्येलाच सांगतो, स्वतःच्या बॅगेत ठेव."

"नको!" इतक्या जोरात ओरडलो की बाजूचे पठाण वळून बघायला लागले. शिगवणचा चेहरा उतरला. त्याला वाटलं मी अजून रागावलोय.

मग सांगितलं त्याला. सगळं. चहाचा कप खाली ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंजे माज्या बॅगेत असता तर."

"हो."

"नि ती मावशी?"

उठला आणि चालायला लागला. मी मागोमाग. या वेळी माझ्या डावीकडे आला नाही. पायरीला ठेचकाळलो तेव्हा मात्र थांबला, पण मागे वळला नाही.

१२ एप्रिल, रवि.

अण्णा पुण्यात डॉक्टर बघतोय. ये म्हणतो, इथे करू ऑपरेशन. सईची शाळा, सामान, गाडी, सगळं नीताच्या डोक्यावर. ती खोक्यांवर नावं लिहिते, मी टेप लावतो. तेवढं जमतं.

सई म्हणाली, "बाबा, आर वी गोइंग बिकॉज ऑफ द जॉब ऑर द आइज?" म्हटलं, दोन्ही. तिने मान हलवली. पोरीचेही डोळे तपासून घ्यायला हवेत. आईचे, माझे, मग...

जायचं तर आहे. पण एअरपोर्टवर माझा पासपोर्ट मशीनमध्ये घातल्यावर काय उमटेल ते मला माहीत नाही. डब्यावर माझं नाव आहे.

२० एप्रिल, सोम.

दुपारी फोन वाजला. खोकी भरत होतो, फोन टेपखाली गेलेला. सापडेपर्यंत बंद झाला. दुबईचा नंबर, लँडलाइन. ओळखीचा नाही.

नीता नि मी त्या नंबरकडे बघत बसलो. "राँग नंबर असेल," ती म्हणाली. पुन्हा वाजला. हातात होता. नाही उचलला. वाजून वाजून थांबला.

मग धीर करून मीच उलट लावला. अरबीत रेकॉर्ड लागली. कुठल्याशा ऑफिसचं नाव असावं, भराभर बोलली, मला काय कळतंय. मग, इंग्रजीसाठी दोन दाबा. मी फोन कापला.

नीता म्हणाली, पोलीस असतील. मी म्हटलं, बाळंतपणाचं हॉस्पिटलही असेल. लेक आत, मावशी बाहेर बाकड्यावर, कुणाकडून तरी फोन लावून घेतलाय, भाऊ तुमचं औषध माझ्याकडे राहिलंय. असू शकतं ना? या देशात पोलीस असोत नाहीतर हॉस्पिटल, पहिली रेकॉर्ड अरबीतच लागते.

"सईला सांगू? ती नेटवर नंबर शोधेल."

"खबरदार," नीता म्हणाली. "पंधरा दिवसांत जायचंय आपल्याला. तुमचं ऑपरेशन आहे. हात जोडते, नका लावू फोन."

बरोबर आहे तिचं. याही वेळी बरोबर आहे. पण त्या बाईने नाव न विचारता माझं औषध उचललं.

नंबर इथे शेवटच्या पानावर मार्करने लिहून ठेवलाय. मोबाइलवरचे आकडे हल्ली मधलेच दिसतात, कडेचे गळतात. मोठ्या आकड्यांत लिहिलाय, अण्णाने माझा लिहिला होता तसा. उद्या नीता सईला शाळेत सोडायला गेली की दोन दाबणार आहे.